उघडझाप: जुन्या फोल्डिंग कॅमेऱ्यांच्या संग्रहाविषयी

रत्नागिरीत कॅमेरा जपायचा तर तो वापरावा लागतो. कपाटात कुलूपबंद करून ठेवलेला कॅमेरा इथे चार पावसाळ्यांत कामातून जातो. काचेवर बुरशीचे जाळे धरते, शटरची पाती एकमेकांना चिकटतात, चामडे पांढरे पडते आणि पोलादी पट्ट्यांना गंज चढतो. उलट जो कॅमेरा दर आठ-पंधरा दिवसांनी उघडला जातो, ज्याच्या भात्याला वारा लागतो आणि लेन्सला ऊन मिळते, तो साठ-सत्तर वर्षांचा असला तरी नीट चालतो. या पुस्तकात पुढे कंपन्यांचा इतिहास येईल, मॉडेलांची ओळख येईल, दुरुस्ती आणि रोल धुण्याची कृती येईल. त्या सगळ्याच्या बुडाशी मात्र एकच म्हणणे आहे. संग्रह करणे आणि वापरणे ही दोन वेगळी कामे मानायची सोय आमच्या हवेने ठेवलेली नाही, आणि या छंदाचा मोठा आनंदही नेमका त्यातूनच येतो.

ज्यांनी फोल्डिंग कॅमेरा कधी हातात घेतला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. मिटलेला असताना हा कॅमेरा तळहातात मावणारा, दीड-दोन इंच जाडीचा चपटा ठोकळा असतो. बटण दाबले की पुढचे झाकण उघडते, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या ताठ होतात आणि लेन्स-शटर पुढे येऊन ‘खट्’ आवाज करत जागच्या जागी बसते. लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये काळ्या घड्यांचा भाता पसरतो. दिसायला तो पेटीच्या भात्यासारखाच, फक्त यात हवेऐवजी अंधार भरून ठेवायचा असतो. काम झाले की पट्ट्यांवर हलका दाब द्यायचा, झाकण मिटायचे आणि कॅमेरा खिशात टाकायचा.

एवढी खटपट कशासाठी, याचे उत्तर निगेटिव्हच्या आकारात आहे. फोटो मोठा करून छापण्याची यंत्रे घरोघरी नव्हती, तेव्हा निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून प्रिंट काढत. त्यामुळे निगेटिव्ह जेवढी, फोटो तेवढा. बघण्याजोगा फोटो हवा तर निगेटिव्हच मोठी हवी. व्हेलॉक्ससारखा कागद १८९० च्या दशकात निघाला आणि असे प्रिंट दिव्याच्या उजेडातही काढता येऊ लागले. (हा कागद बनवणारे लिओ बेकलंड यांनीच पुढे बॅकेलाइट हे प्लास्टिक शोधले.) म्हणजे वीज न पोचलेल्या खेड्यातही, कंदिलाच्या उजेडात, ६ × ९ सेंटिमीटरचा स्वच्छ फोटो निघू शकत होता. पण निगेटिव्ह मोठी झाली की लेन्सही फिल्मपासून लांब न्यावी लागते. ६ × ९ साठी हे अंतर साधारण १०५ मिलिमीटर पडते. एवढ्या खोलीचा ठोकळा बरोबर कोण वागवणार? तेव्हा मधले अंतर मिटवता यावे म्हणून भाता आला. फोल्डिंग कॅमेऱ्याचे सगळे रूप या एका गरजेतून घडले आहे. मोठी निगेटिव्ह आणि लहान खिसा यांच्यात त्याने तडजोड घडवून आणली. त्या मोठ्या निगेटिव्हचा फायदा आजही तसाच आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा ६ × ६ ची निगेटिव्ह क्षेत्रफळाने साडेतीन पटींहून मोठी भरते, आणि ६ × ९ ची पाच पटींहून.

मिटणारे लाकडी कॅमेरे रोल फिल्मच्या आधीपासून होते. सागवानी चौकट, पितळी कोपरे, तिकाटण्यावर उभा केलेला तो कॅमेरा आणि काळ्या कापडाखाली शिरलेला फोटोवाला हे दृश्य आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिले आहे. इंग्लंडमधल्या कारखान्यांनी हिंदुस्थानसारख्या उष्ण-दमट देशांसाठी पितळी पट्ट्यांनी बांधलेले सागवानी ‘ट्रॉपिकल’ कॅमेरे मुद्दाम बनवले, कारण साधे लाकूड आणि नुसता सरस आपल्या हवेत टिकत नसे. पुढे केरळात अलेप्पीला ‘वागीश्वरी’ नावाचे लाकडी कॅमेरे तयार होऊ लागले आणि देशभरच्या स्टुडिओंत पोचले.

हौशी माणसाच्या हातात मात्र कॅमेरा आला तो रोलमुळे. जॉर्ज ईस्टमनच्या कोडॅकने १८८८ साली रोलचा पहिला कॅमेरा बाजारात आणला आणि पुढच्या दशकात खिशात मावणारे फोल्डिंग कोडॅक निघाले. १९०१ साली १२० नंबरचा रोल आला. हा रोल आजही तयार होतो, आजही मिळतो, ही या छंदातली सर्वांत आनंदाची गोष्ट आहे. कागदी पाठ लावलेली, लाकडी किंवा धातूच्या आणि आता प्लास्टिकच्या रिळावर गुंडाळलेली तीच फिल्म. नव्वद वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यात आज विकत घेतलेला रोल विनातक्रार बसतो. १९३० च्या दशकात कोडॅकने त्याच रुंदीचा, पण बारीक रिळाचा ६२० रोल काढला आणि तो १९९५ मध्ये बंद केला. त्यामुळे संग्राहकाने कॅमेरा घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, यात १२० बसतो का?

१९१२ चा व्हेस्ट पॉकेट कोडॅक हा या घराण्यातला अगदी छोटा आणि सर्वांत गाजलेला. पहिल्या महायुद्धात तो सैनिकांच्या खिशातून खंदकांत गेला. १९१४ पासून कोडॅकच्या कॅमेऱ्यांना ‘ऑटोग्राफिक’ ही सोय मिळाली. पाठीवरची छोटी खिडकी उघडायची, धातूच्या लेखणीने तारीख किंवा गाव लिहायचे, आणि ती अक्षरे फोटोच्या कडेला निगेटिव्हवरच उमटायची. फोटो काढणाऱ्याचे हस्ताक्षर फोटोबरोबरच जन्माला यायचे. १९२४ साली एव्हरेस्टच्या माथ्याकडे गेलेल्या मॅलरी आणि अर्विन यांच्याजवळ असाच एक व्हेस्ट पॉकेट कोडॅक होता, त्यांचे सहकारी हॉवर्ड सॉमरवेल यांनी दिलेला. मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला, कॅमेरा आजतागायत सापडलेला नाही. ते दोघे शिखरावर पोचले होते का, हा गिर्यारोहणातला सर्वांत मोठा प्रश्न एका घडीच्या कॅमेऱ्यात अडकून पडला आहे.

जर्मनीत १९२६ साली चार कंपन्या एकत्र येऊन झाइस आयकॉन ही कंपनी झाली. तिचा आयकॉन्टा १९२९ चा, आणि रेंजफाइंडर जोडलेला सुपर आयकॉन्टा १९३४ चा. फोखलेंडरचा बेसा, म्युनिकच्या अ‍ॅग्फाचा आयसोलेट, इंग्लंडचा एन्साइन सेल्फिक्स हे त्याच पंगतीतले. युद्धानंतर सोव्हिएत रशियात सुपर आयकॉन्टाच्या धर्तीवर मॉस्क्वा निघाला, जपानात मामिया सिक्स होताच. १९५० च्या दशकात हे कॅमेरे सर्वांत चांगले बनत होते आणि त्याच दशकात त्यांचा काळ संपत आला. ३५ मिलिमीटरचे कॅमेरे स्वस्त झाले, एन्लार्जर सगळ्या स्टुडिओंत आले, लहान निगेटिव्हवरून मोठा फोटो सहज निघू लागला. भात्याची गरज उरली नाही.

महाराष्ट्राला कॅमेऱ्याची ओढ फार लवकर लागली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. तिच्या आरंभीच्या काळातल्या भारतीय छायाचित्रकारांत डॉ. नारायण दाजी होते, म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू. मुंबईत फोटो स्टुडिओ चालवणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, यांनी विलायतेहून चलत्चित्रांचा कॅमेरा मागवला. १९०१ साली त्यांनी चित्रित केलेला एक प्रसंग होता केंब्रिजचा सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागताचा. रँग्लर परांजपे आमच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. हिंदुस्थानात चित्रित झालेल्या अगदी पहिल्या वार्तापटांपैकी एकात असा कोकणचा माणूस आहे. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय करत होते. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला आपले सहकारी दामले यांच्या मदतीने सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. त्यांनी वापरलेला स्पीड ग्राफिक हाही भात्याचा, मिटणारा कॅमेरा.

ही नावे अभिमानासाठी सांगत नाही. या सर्वांनी यंत्र उघडून पाहिले, समजून घेतले, बिघडले तर हाताने सुधारले. परदेशातून सुटा भाग येईपर्यंत काम थांबवणे त्यांना परवडणारे नव्हते. जुना कॅमेरा सांभाळणारा आजचा माणूस नेमक्या त्याच जागी उभा आहे. त्याच्या कॅमेऱ्याची कंपनी बंद पडलेली आहे, सुटे भाग मिळत नाहीत, आणि माहीतगार कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. शिकल्याशिवाय त्याला गत्यंतर नाही, आणि शिकण्यासारखे खूप आहे.

रत्नागिरीकडे हे कॅमेरे कसे आले, ते घराघरांतून कळते. फोल्डिंग कॅमेऱ्यांची सद्दी साधारण १९०० ते १९६० अशी साठ वर्षांची. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाने इथल्या त्याच्या राजवाड्यात पाऊल टाकले ते १९१० साली, सावरकर इथे स्थानबद्ध होते ते १९२४ ते १९३७, पतितपावन मंदिर झाले १९३१ मध्ये. हा सगळा काळ या कॅमेऱ्यांच्या भरभराटीचा. तेव्हा मुंबईहून इकडे यायचे ते आगबोटीने, आणि पावसाळ्यात बोट बंद. गिरणीत, गोदीत, कचेरीत नोकरी करणारे चाकरमानी गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात गावी येत. त्यांच्यातल्या एखाद्याच्या ट्रंकेत कॅमेरा असे. बोटीवर नोकरी करणाऱ्या, आफ्रिकेत किंवा आखातात गेलेल्या खलाशी कुटुंबांकडेही कॅमेरे आले. एका घरात एक कॅमेरा असला की तो सगळ्या वाडीचा होई. मुंजीला, लग्नाला, नवीन घराच्या वास्तुशांतीला त्याला बोलावणे जाई.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि परदेशी कॅमेरा सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेला. मग बडोद्याला तयार होणारा अ‍ॅग्फा क्लिक-३ आणि त्याचा भाऊ आयसोली घरोघर पोचले. उटीला १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल दुकानांत आले. नवा कॅमेरा सोपा होता, कुणालाही चालवता येत होता. जुना फोल्डिंग चामड्याच्या कव्हरात गेला आणि माळ्यावर चढला. आज आपल्याला सापडतो तो तिथेच. घराच्या वाटण्या होतात, चिऱ्यांचे जुने घर पाडून स्लॅबचे बांधायला घेतात, वर्षभर बंद असलेले घर गणपतीत उघडतात, तेव्हा पितळी भांड्यांच्या मागे, पोथ्यांच्या गाठोड्याशेजारी तो निघतो.

निघतो त्या वेळी त्याची अवस्था काय असते, ते एका उदाहरणाने दाखवतो. १९५० च्या दशकातला एक अ‍ॅग्फा आयसोलेट-२ माझ्याकडे आहे. ८५ मिलिमीटरची अपोटार लेन्स, छिद्र ४.५ चे, आणि एका सेकंदापासून १/३०० पर्यंत वेग असलेले प्रोंटर-एस शटर. माझ्या हातात आला तेव्हा त्याचे अंतर लावायचे कडे फिरत होते, पण काही उपयोग नव्हता. अ‍ॅग्फाने त्या काळी आट्यांत भरलेले हिरवट ग्रीस वर्षांनुवर्षे सुकून डिंकासारखे घट्ट होते. पुढची काच आणि तिच्या मागची काच एकमेकींना जखडतात आणि दोन्ही एकदमच फिरतात. कडे फिरते, आकडे बदलतात, फोकस मात्र भलतीकडेच जातो. अशा कॅमेऱ्यातून काढलेला रोल धुंद निघतो आणि दोष बिचाऱ्या लेन्सच्या माथी येतो.

उपाय साधा असतो, घाई मात्र अजिबात चालत नाही. कड्याचे तीन बारीक स्क्रू सैल करून कडे काढायचे, आट्यांवर लायटरमध्ये भरतात ते पेट्रोल थेंबभर सोडायचे, रात्रभर मुरू द्यायचे, सकाळी हेअर ड्रायरने किंचित ऊब द्यायची आणि मग हलक्या हाताने पुढची काच सोडवायची. ती कोणत्या जागी आट्यांतून सुटली, तिथे पेन्सिलीची खूण करून ठेवायची. जुने ग्रीस कापसाने पुसून काढायचे, नवे अगदी नावापुरते लावायचे. त्यानंतरचे काम मला सर्वांत आवडते. कॅमेऱ्याची पाठ उघडून, फिल्म बसते त्या चौकटीवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवायचा, शटर ‘बी’वर उघडे धरायचे आणि खूप लांबच्या वस्तूकडे रोखायचे. मांडवीच्या काळ्या वाळूत उभे राहून मी रत्नदुर्गाच्या टोकावरचे दीपगृह धरतो. कागदावर ते उलटे दिसते, खाली आकाश आणि वर समुद्र. भिंगातून पाहत पुढची काच केसभर इकडे, केसभर तिकडे करायची. दीपगृहाच्या कडा एका क्षणी काटेकोर होतात. तिथे कडे बसवून स्क्रू आवळले की सात दशकांपूर्वी म्युनिकमध्ये कुणीतरी लावून दिलेले अंतर पुन्हा जुळते.

भात्याची परीक्षा रात्री करायची. खोलीत पूर्ण अंधार करून छोटी बॅटरी आत सरकवायची आणि घड्यांचे कोपरे बाहेरून न्याहाळायचे. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे छिद्र आहे. अ‍ॅग्फाचे युद्धोत्तर भाते चामड्याचे नसतात, त्यामुळे कोपऱ्यांत हमखास झिजतात. काळ्या अ‍ॅक्रिलिक रंगात कापडाचा लवचीक गोंद मिसळून बारीक ब्रशने पातळ थर द्यायचे आणि भाता दोन दिवस उघडाच वाळू द्यायचा. ओला असताना मिटला तर घड्या एकमेकींना चिकटतात. फार ठिगळे झाली तर नवा भाताच शिवावा लागतो, त्याची कृती पुढे स्वतंत्र प्रकरणात दिली आहे.

आता बुरशी. कोकणातल्या संग्राहकाचे अर्धे आयुष्य तिच्याशी झुंजण्यात जाते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात राहतो. सत्तरच्या वर गेला की बुरशीला रान मोकळे मिळते. तिचे बीज हवेत सगळीकडे असते. काचेवरची धूळ, बोटांचे तेलकट ठसे, वंगणाचा अंश एवढे अन्न तिला पुरते. वाढताना ती आम्ल सोडते आणि ते काचेवरचा लेप, पुढे काचही खाते. लवकर सापडली तर पुसून जाते, उशीर झाला तर तिची नक्षी कायमची राहते. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात सैन्याच्या दुर्बिणींचे हेच झाले, आणि ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांना त्यावर खास संशोधन हाती घ्यावे लागले.

आमच्या पद्धती अनुभवाने ठरलेल्या आहेत. कॅमेरा चामड्याच्या कव्हरात कधीही ठेवायचा नाही, कारण बुरशी आधी चामड्यावर धरते आणि तिथून काचेवर उतरते. कव्हर वेगळे, कॅमेरा वेगळा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर गरम करून पुन्हा वापरायचे. कपाट मोठे असेल तर तळाशी कमी वॉटचा बल्ब पेटता ठेवायचा, त्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते. पण या सगळ्याहून गुणकारी आहे ते उघडणे. पावसाने उघडीप दिली की सगळे कॅमेरे पडवीत आणायचे, भाते पसरायचे, छिद्र पूर्ण उघडून शटर ‘बी’वर धरायचे आणि लेन्समधून थोडे ऊन जाऊ द्यायचे. मग प्रत्येक वेगावर शटर पाच-दहा वेळा चालवायचे. मिटून ठेवलेला भाता घड्यांवर तडकतो, न चालवलेले शटर मंदावते, अंधारातली काच बुरशीला पोसते. एका उघडण्याने या तिन्ही गोष्टी टळतात.

म्हणूनच या पुस्तकात मी संख्येबद्दल फारसे बोलणार नाही. संग्रहाची व्याप्ती किती असू शकते याचे उदाहरण मुंबईतच आहे. छायाचित्रकार दिलीश पारेख यांच्या ४,४२५ कॅमेऱ्यांची नोंद २००३ साली गिनीज बुकात झाली. गुरुग्राममध्ये आदित्य आर्य यांच्या पुढाकाराने २०१९ मध्ये उभे राहिलेले म्युझिओ कॅमेरा हे संग्रहालय प्रत्येक कॅमेराप्रेमीने एकदा पाहावे. अशा मोठ्या संग्रहांमुळे यंत्रांचा इतिहास शाबूत राहतो. घरच्या संग्राहकाचे काम निराळे आहे. जेवढे कॅमेरे आपल्या हातून चालते राहतील तेवढेच ठेवावेत. माझ्या अनुभवात डझनभर चालू फोल्डिंग कॅमेरे एका माणसाला पुरून उरतात.

शोधायचे कुठे? मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट आणि फोर्टातली बोरा बाजारची गल्ली, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, ही ठिकाणे सर्वांना ठाऊक आहेत. पण बाजारातला कॅमेरा मुका असतो. घरातून मिळालेला कॅमेरा बोलतो. म्हणून घरातून घेताना काही पथ्ये पाळावीत. योग्य किंमत सांगून द्यावी. कॅमेरा कुणी आणला, केव्हा, कुठून, कोणते फोटो त्याने काढले, हे घरच्या जाणत्या माणसाला विचारून वहीत उतरवून घ्यावे. कव्हरात किंवा डब्यात निगेटिव्ह सापडल्या तर त्या स्कॅन करून मूळ प्रती घरच्यांना परत द्याव्यात. त्या त्यांच्या आहेत. कॅमेऱ्यात न धुतलेला रोल निघाला तर पाठ उजेडात उघडू नये. पन्नास वर्षांनंतरही अशा रोलवर धूसर का होईना, माणसे दिसू शकतात.

खुणा वाचता येऊ लागल्या की कॅमेरा स्वतःही बरेच सांगतो. शटरवर फ्लॅशची तार जोडायचे भोक असेल तर तो बहुधा युद्धानंतरचा. झाइसच्या लेन्सवर तांबड्या रंगात ‘टी’ असेल तर तिच्यावर लेप आहे. अंतराचे आकडे फुटांत असतील तर तो इंग्रजी मापे वापरणाऱ्या बाजारपेठेसाठी बनला, मीटरमध्ये असतील तर युरोपसाठी. कोकणातल्या घरांतून माझ्यापर्यंत आलेले कॅमेरे बहुतेक फुटांचे. शटर ‘कॉम्पुर’ असेल तर ते म्युनिकच्या डेकेलचे, ‘प्रोंटर’ असेल तर काल्मबाखच्या गाउथियरचे. चामड्यावर कोरलेली आद्याक्षरे, आत चिकटवलेली दुकानदाराची चिठ्ठी, झाकणाच्या कडेला एकाच अंगठ्याने झिजवलेला रंग, हेही सगळे वाचायचे.

आणि मग फोटो काढायचे. फोल्डिंग कॅमेरा माणसाला थांबायला शिकवतो. एका रोलमध्ये ६ × ९ चे आठ, ६ × ६ चे बारा फोटो, बस्स. उजेड स्वतः जोखायचा. भर उन्हात १०० स्पीडची फिल्म असेल तर छिद्र १६ आणि वेग १/१००, हा पाया. मे महिन्यात भाट्ये किनाऱ्यावर तेवढे पुरते. श्रावणात आभाळ दाटून आले की छिद्र ५.६ पर्यंत उघडावे लागते, आणि माडाच्या बागेत त्याहूनही पुढे. अंतर डोळ्यांनी मोजायचे, कड्यावर लावायचे, शटर ताणायचे, श्वास रोखून बटण दाबायचे. कॅमेरा नेहमी सावकाश उघडावा. भाता झटक्याने पसरला तर आतल्या पोकळीमुळे फिल्म पुढे ओढली जाते आणि फोटो मऊ येतो. त्यासाठी आधी कॅमेरा उघडायचा, नंतरच रोल पुढे सरकवायचा. पाठीवरच्या लाल खिडकीत कागदावरचा पुढचा आकडा मध्यभागी आला की थांबायचे. पुष्कळ जुन्या लेन्सवर लेप नसतो, म्हणून सूर्यास्ताच्या समुद्राकडे रोखताना तळहाताची सावली धरावी. एवढे सांभाळले तर येणारी निगेटिव्ह इतकी तपशीलवार असते की पालखीच्या गर्दीतल्या मागच्या रांगेतला चेहराही ओळखता येतो.

त्या गर्दीत हा कॅमेरा उघडला की वयस्कर माणसे जवळ येतात. ‘आमच्याकडे असाच होता’, असे म्हणत हातात घेऊन पाहतात, बटण कुठे आहे ते न सांगता त्यांना सापडते. लहान मुले भात्याला बोट लावून बघतात. फोनसमोर चेहरा तयार करणारी माणसे याच्यासमोर साधी उभी राहतात, कारण लगेच काही दिसणार नाही हे त्यांना ठाऊक असते. रोल धुऊन, प्रिंट काढून पुढच्या खेपेला त्यांच्या हातात दिला की संग्रहाचे वर्तुळ पूर्ण होते. फोटो काढून देणे हेच या यंत्राचे काम होते आणि आजही आहे.

रोल महाग झाले आहेत, धुणारे थोडे उरले आहेत, ही अडचण खरी आहे. म्हणून ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुण्याची पद्धत या पुस्तकात सविस्तर दिली आहे. त्याला डार्करूम लागत नाही. एक बंद टाकी, रोल टाकीत भरायला काळी पिशवी, डेव्हलपर, फिक्सर आणि पाणी एवढ्यात काम होते. उन्हाळ्यात आमच्या नळाचे पाणी तीस अंशांच्या आसपास असते, डेव्हलपरला वीस अंश मानवतात, तेव्हा बर्फाचे तुकडे घातलेल्या घमेल्यात बाटल्या बसवून ठेवाव्या लागतात. हे छोटे छोटे स्थानिक उपाय परदेशी पुस्तकांत सापडत नाहीत. मराठीत, कोकणातल्या हवेचा विचार करून लिहिलेल्या पुस्तकाची गरज मला वाटली ती याचसाठी.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. ज्याच्याकडे कॅमेरा आहे त्याने दुरुस्तीपासून सुरुवात करावी, ज्याला घ्यायचा आहे त्याने ओळखीच्या प्रकरणापासून. मात्र वाचण्याआधी एक काम करा. घरात, नातेवाइकांकडे, गावच्या बंद घरात असा कॅमेरा असेल तर तो खाली काढा. कव्हरातून बाहेर घ्या, सावकाश उघडा, भाता उजेडात धरा, शटर चालवून बघा. पाती हलली आणि भाता अंधार धरत असेल तर वाट पाहू नका. १२० चा एक रोल आणा, तो भरा आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाचा पहिला फोटो काढा. पुढच्या पानांवर जे लिहिले आहे त्यातले निम्मे तुम्हाला त्या एका रोलमध्येच उमजेल, आणि उरलेले का शिकायचे तेही कळेल.

रत्नागिरी